सिंहाचे छावे आणि सात हप्ते

अमळनेरहून एका निवृत्त माध्यमिक शिक्षकांचे पत्र आले आहे. त्यांचे वय ५९, पत्नी ५६ वर्षांच्या. नुसते स्थळदर्शन करून परतण्यापेक्षा प्रवासात आपल्या हातून काही काम घडावे, ही दोघांची जुनी इच्छा आहे आणि त्यासाठी त्यांनी दक्षिण आफ्रिकेतील एक कार्यक्रम निवडला आहे. दोन आठवडे सिंहाच्या 'अनाथ' छाव्यांना बाटलीने दूध पाजायचे, पिंजरे स्वच्छ करायचे, शेजारच्या वस्तीतील शाळेत गणित शिकवायचे आणि तिसरा आठवडा पर्यटनाचा. विमानभाड्यासह दोघांचा खर्च साडेसहा लाख रुपये. हा पैसा १८ लाखांच्या मुदत ठेवीतून काढावा की पेन्शनवर कर्ज घ्यावे, एवढेच त्यांनी विचारले आहे.

तेवढ्याचे उत्तर सोपे आहे: सहलीसाठी कर्ज घेऊ नये, कारण ठेवीवर मिळणाऱ्या व्याजापेक्षा कर्जाचे व्याज जास्तच असणार. परंतु पत्राला एक ताजा कलम जोडलेला आहे आणि खरे प्रकरण तिथे आहे. शालकांचा मुलगा बँकेत नोकरीला आहे. निवृत्तीचे पैसे हाती आल्यावर त्याने ५ लाखांची 'एकरकमी योजना' घेऊन दिली, त्यात १२ टक्के 'नक्की' आहेत आणि पाच वर्षांनंतर त्यातूनच दर दोन वर्षांनी असा एक प्रवास होत राहील, म्हणून आत्ता ठेव मोडली तरी हरकत नाही, असे सरांचे गणित आहे. पुढच्या महिन्यात आणखी ५ लाख भरण्याची सूचना आली आहे, 'ती बहुधा चुकून आली असावी,' असेही ते लिहितात.

सर, ती चुकून आलेली नाही. आपण पाठवलेल्या फोटोंत पॉलिसीच्या दुसऱ्याच पानावर हप्ते भरण्याची मुदत ७ वर्षे अशी स्वच्छ छापलेली आहे. ही एकरकमी योजना नसून युलिप आहे, म्हणजे बाजाराशी जोडलेला जीवनविमा. प्रस्ताव अर्जात आपला व्यवसाय 'व्यापार' आणि वार्षिक उत्पन्न १८ लाख असे भरलेले आहे. खाली सही आपली आहे, पण वरचे अक्षर आपले नाही, हे आपल्या पत्राच्या अक्षरावरूनच दिसते. १२ टक्क्यांचा आकडा माहितीपत्रकाच्या समासात निळ्या पेनाने लिहिलेला आहे. छापील तक्त्यात मात्र ४ आणि ८ टक्के हे दोनच दर आहेत आणि त्यांचीही हमी नाही, असे त्याच तक्त्याखाली म्हटले आहे. जे छापता येत नाही ते पेनाने लिहून द्यायचे, ही या विक्रीची जुनी रीत आहे.

आता हिशेब पाहू. पेन्शन ३८ हजार, म्हणजे वर्षाला साधारण साडेचार लाख. ठेवीचे व्याज सव्वा लाख. घरखर्च महिना ३० हजार, म्हणजे ३ लाख ६० हजार. हाती उरतात सव्वादोन लाखांच्या आत-बाहेर आणि हप्ता आहे ५ लाखांचा, म्हणजे आपल्या वर्षभराच्या पेन्शनपेक्षाही मोठा. उरलेले सहा हप्ते भरायचे ठरवले, तर दरवर्षी पावणेतीन-तीन लाख ठेवीतून जातील, ठेव घटेल तसे व्याजही घटेल आणि शेवटच्या हप्त्यापर्यंत ठेव पुरणार नाही. त्याआधी साडेसहा लाखांची सहल केली, तर उरलेल्यांपैकी चौथ्या हप्त्यालाच हात रिकामे होतील. शिवाय साठीच्या उंबरठ्यावर विम्याची किंमत दर हजार रुपयांच्या छत्रामागे वर्षाला दहा-बारा रुपये पडते. ३५ लाखांच्या विमाछत्रासाठी वर्षाला तीस-पस्तीस हजार रुपये आपल्याच निधीतून कापले जात आहेत. मुलगा पुण्यात कमावता आहे, पेन्शन आहे, पत्नीला कुटुंबनिवृत्तिवेतन मिळेल. मग हे छत्र कोणासाठी? ५ लाखांचे अकरा महिन्यांत ४ लाख ४६ हजार झाले, त्यात बाजाराबरोबर या कपातीचाही वाटा आहे.

दुसरा हप्ता भरू नका. पॉलिसी परत करण्याची ३० दिवसांची मुदत केव्हाच उलटली, परंतु युलिपमध्ये हप्ता थांबवण्याचा दंड लोकांना वाटतो तेवढा नसतो: आपल्याएवढ्या हप्त्याला दुसऱ्या वर्षी जास्तीत जास्त ५ हजार रुपये. त्यानंतर विमाछत्र संपते, रक्कम वेगळ्या निधीत जाते, तिथे किमान ४ टक्के व्याज लागते आणि पॉलिसीला पाच वर्षे पूर्ण झाली की ती परत मिळते. म्हणजे तेव्हा हाती पाच लाखांच्या थोडे वर येतील. पाच वर्षांचे व्याज गेले असे समजा. ३० लाख आणखी गुंतवण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त आहे. खात्यातून हप्ता आपोआप वळता करण्याची परवानगी आपण पहिल्याच दिवशी दिलेली असणार. ती रद्द करण्याचा अर्ज याच आठवड्यात द्या आणि पोच घ्या, नाहीतर हा सगळा सल्ला वाचून होईपर्यंत पैसे गेलेले असतील.

यासोबतच विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करून पूर्ण हप्ता परत मागा आणि प्रस्ताव अर्जातील खोटे उत्पन्न हा मुख्य मुद्दा ठेवा. महिनाभरात समाधान झाले नाही तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे जाता येते. तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही. पडताळणीच्या फोनवर आपण सगळ्याला 'हो' म्हटले असेल तर कंपनी ती ध्वनिफीत पुढे करील, त्यामुळे पैसे नक्की परत मिळतील असे मी म्हणत नाही. घरचा मुलगा अडचणीत येईल म्हणून आपण तक्रार टाळाल, अशी मला भीती वाटते. लग्नकार्यात पाहुण्यांशी अबोला नको, हे खान्देशात मला कोणी सांगायला नको. तथापि, त्या अबोल्याची किंमत ३० लाख असू नये.

आरोग्यविमा आपण मुलाच्या कंपनीवर सोडला आहे. त्याने नोकरी बदलली की तो गेला, आणि वहिनींना मधुमेह आहे. आधीपासूनच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते, म्हणून स्वतंत्र पॉलिसी आजच घ्यावी. दोघांना मिळून वर्षाला साठ हजारांच्या आसपास खर्च येईल. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत निवृत्तीचे पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांत साठीपूर्वीही जाता आले असते, ती संधी हुकली. आता साठावा वाढदिवस झाला की ३ लाख हाताशी ठेवून उरलेले १५ लाख तिथे ठेवा. सध्याच्या ८.२ टक्के दराने वर्षाला सव्वा लाखाच्या जवळ व्याज येईल आणि ते दर तिमाहीला खात्यात जमा होईल.

आता छावे. दक्षिण आफ्रिकेत पिंजऱ्यात सिंहांची पैदास करण्याचा मोठा धंदा आहे. मादीने लवकर पुन्हा वीण द्यावी म्हणून पिल्ले अवघ्या काही दिवसांची असतानाच तिच्यापासून काढून घेतली जातात, पैसे भरून आलेल्या स्वयंसेवकांकडून बाटलीवर वाढवली जातात, पुढे पर्यटकांना हाताळायला आणि सोबत फिरायला दिली जातात आणि मोठी झाली की त्यांतील बरीचशी कुंपणातल्या शिकारीसाठी किंवा हाडांच्या व्यापारासाठी जातात. माणसाच्या हातावर वाढलेला सिंह जंगलात सोडता येत नाही, त्यामुळे त्यात संवर्धन कुठेच नसते. तेथील सरकारनेच २०२१ मध्ये हा प्रकार बंद करण्याचे धोरण जाहीर केले. आपण निवडलेले केंद्र तसलेच आहे, असे मी दुरून म्हणू शकत नाही. मात्र पिल्लांच्या आया कुठे आहेत आणि तीन वर्षांपूर्वीचे छावे आज कुठे आहेत, हे दोन प्रश्न ईमेलने विचारा. हिंस्र प्राण्याला पाहुण्यांचा हात लावू देणाऱ्या केंद्रापासून मी तरी लांबच राहीन. शाळेचेही तेच. आयुष्यभर गणित शिकवलेल्या माणसाला हे सांगायला नको की दहा दिवसांत अपूर्णांकही पुरे होत नाहीत. दर पंधरवड्याला नवा शिक्षक येणाऱ्या वर्गाचे काय होत असेल, ते आपणच ठरवा.

काम करण्याची इच्छा खरी असेल, तर ती घराजवळ भागवण्यासारखी आहे. साक्री तालुक्यातील बारीपाडा गावाने आपले जंगल स्वतः राखले. ज्यांनी त्या कामाचे नेतृत्व केले त्या चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. तिथल्या वनभाजी महोत्सवाला जा, आणि आपला काही उपयोग आहे का ते गावालाच विचारा. यावल अभयारण्य तर आपल्याच जिल्ह्यात आहे. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांवर होणाऱ्या प्राणीगणनेत वन विभाग नागरिकांना सामील करून घेतो, त्याची चौकशी आधीपासून करून ठेवावी. सातपुड्यातील एखाद्या आश्रमशाळेने होकार दिला, तर वर्षभर महिन्याचे चार दिवस गणित शिकवता येईल. या सगळ्याला प्रवासखर्चासह वर्षाला पंचवीस-तीस हजार पुरे होतात.

आफ्रिका रद्द करा, असे मात्र मी म्हणत नाही. हप्ता थांबल्यावर आणि आरोग्यविमा भरल्यावर वर्षाला दीड लाखाच्या वर शिल्लक राहील. त्यातले एक लाख वेगळ्या आवर्ती ठेवीत टाकत गेलात, तर चौथ्या वर्षाच्या सुमारास, ठेवीला हात न लावता, पिंजऱ्याबाहेरचे सिंह पाहण्याची साधी सहल दोघांना परवडेल. तोवर आयोजकांनी महिनाअखेरपर्यंत मागितलेले ५० हजारांचे आगाऊ पैसे भरू नका, आणि जागा संपत आल्याचा त्यांचा फोन पुन्हा आला, तर आधी त्या दोन प्रश्नांची लेखी उत्तरे मागा.