वाचक विचारतात : गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नाही

प्रश्न : हिमोग्लोबिन कायम १०.५ च्या आसपास. चार महिने लोहाच्या गोळ्या घेतल्या, फरक शून्य. आता 'थॅलेसेमिया मायनर' निघालाय. तो वाढत जाऊन मेजर होईल का? लग्नाचं बघताहेत, म्हणून जास्त काळजी.

उत्तर : थॅलेसेमिया म्हणजे हिमोग्लोबिन नीट न बनण्याचा आनुवंशिक दोष; मेजर हा त्याचा गंभीर प्रकार. मायनरचा मेजर कधीच होत नाही. तुम्ही वाहक आहात. बीटा ग्लोबिनच्या (हिमोग्लोबिनमधल्या एका प्रथिनाच्या) दोन जनुकांपैकी एकात दोष असल्याने तांबड्या पेशी लहान आणि फिक्या होतात. संख्येने मात्र त्या बहुधा भरपूर असतात. जुना सीबीसी (रक्तपेशींच्या मोजणीचा) रिपोर्ट काढा. एमसीव्ही (तांबड्या पेशींचा सरासरी आकार) ६५ आणि आरबीसी (त्यांची संख्या, दशलक्षांत) ५.६ असेल, तर ६५ भागिले ५.६ म्हणजे साधारण ११.६. हे उत्तर १३ च्या खाली आलं की थॅलेसेमियाचा संशय घ्यायचा. हा नुसता अंदाज. निदान एचपीएलसी या हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणाऱ्या चाचणीवर होतं. त्यात एचबीए-२ हा हिमोग्लोबिनचा प्रकार बहुधा ३.५ टक्क्यांच्या वर जातो.

इथे एक मेख आहे. लोह कमी असेल तर ए-२ चा आकडाही घसरतो आणि वाहक 'नॉर्मल' ठरू शकतो. म्हणून फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी चाचणी) सोबतच तपासावं. ते कमी असेल तरच लोह घ्यायचं. उगाच वर्षानुवर्षं गोळ्या गिळण्यात अर्थ नाही, उलट लोह साठत जातं.

लग्नाला अडचण नाही, फक्त जोडीदाराची एचपीएलसी आधी करून घ्या. दोघंही वाहक असाल तर प्रत्येक गरोदरपणात मेजरची शक्यता २५ टक्के; पहिलं मूल निरोगी निघालं म्हणून दुसऱ्या वेळी ती कमी होत नाही. जोडीदार सिकलसेल किंवा एचबी-ई या हिमोग्लोबिनच्या दुसऱ्या आनुवंशिक दोषांचा वाहक असला तरी जनुकीय सल्ला घ्यायलाच हवा. गर्भाची तपासणी ११ ते १४ आठवड्यांत वारेच्या नमुन्यावरून होते, पण त्यासाठी दोघांचे नेमके जनुकदोष आधीच शोधून ठेवलेले बरे.

प्रश्न : मुलाला औषधानंतर कावीळ झाली, लघवी गडद झाली. जी-६-पीडीची (तांबड्या पेशींना जपणाऱ्या एन्झाइमची) चाचणी मात्र नॉर्मल आली. मग शंका मिटली का?

उत्तर : नाही. हे एन्झाइम कमी असलं की अशा झटक्यात जुन्या तांबड्या पेशी फुटतात, उरलेल्या नव्या पेशींत ते जास्त असतं, त्यामुळे रिपोर्ट फसवा येतो. सुमारे तीन महिन्यांनी चाचणी पुन्हा करा. तोवर नॅफ्थॅलिनच्या गोळ्या (कपड्यांत ठेवायच्या डांबरगोळ्या) घरात नकोत, आणि कोणतंही औषध घेण्याआधी डॉक्टरांना ही शंका सांगा. मलेरियावरचं प्रायमाक्विन तर विशेष धोक्याचं.