औषध घातले की जेल पातळ का होते?

प्रश्न : प्रोजेक्टसाठी १ टक्का कार्बोपॉल ९४० (जेल घट्ट करणारे पॉलिमर) चे जेल केले. ट्रायइथेनॉलअमाइन (एक अल्क) घातल्यावर छान घट्ट झाले, पण डायक्लोफेनॅक सोडियम हे वेदनाशामक औषध मिसळताच पातळ पडले. ट्रायइथेनॉलअमाइन वाढवूनही उपयोग नाही. (विद्यार्थिनी, शिरपूर)

उत्तर : तुमच्या हातात दोष नाही, जोडी चुकली आहे. ट्रायइथेनॉलअमाइनमुळे कार्बोपॉलच्या साखळ्यांवर ऋण भार येतो. हे भार एकमेकांना ढकलतात, साखळ्या उलगडतात आणि पाणी धरून ठेवतात. औषधातले सोडियम आयन तो भार झाकतात, साखळ्या आखडतात आणि जेल पातळ होते. ट्रायइथेनॉलअमाइन ओतत राहिलात तर पीएच चढतो, घट्टपणा आणखी जातो आणि त्वचेची आग होते. औषध आधी घालून मग ट्रायइथेनॉलअमाइन, हा उलटा क्रमही नको. नुसत्या कार्बोपॉलच्या पाण्याचा पीएच ३ च्या आसपास असतो. तिथे डायक्लोफेनॅक विरघळलेले राहत नाही, पांढरे कण होऊन खाली बसते.

या औषधासाठी आमची पसंती एचपीएमसी के४एमला (सेल्युलोजपासून केलेले, पाणी घट्ट करणारे पॉलिमर), कारण त्याच्यावर भारच नसतो. १०० ग्रॅमसाठी २.५ ग्रॅम घ्या. साधारण ३० ग्रॅम पाणी ८० अंशांपर्यंत तापवून ढवळत ढवळत त्यावर थोडे थोडे भुरभुरा. गार पाण्यात एकदम टाकले तर वरून फुगते, आत कोरडे राहते, आणि त्या गाठी काही केल्या फुटत नाहीत. मग ५० ग्रॅम गार पाणी घालून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा; बुडबुडेही निघून जातात. सकाळी १० ग्रॅम प्रॉपिलीन ग्लायकॉलमध्ये १ ग्रॅम औषध, ०.१८ ग्रॅम मिथाइल पॅराबेन आणि ०.०२ ग्रॅम प्रॉपिल पॅराबेन (ही दोन्ही टिकवणारी द्रव्ये) पूर्ण विरघळवून सावकाश मिसळा. शेवटी पाण्याने वजन १०० ग्रॅम करा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तापवलेले पाणी बरेच उडून जाते, म्हणून हे वजन टाळू नका.

कार्बोपॉलच हवे असेल तर डायक्लोफेनॅक डायइथाइलअमाइन वापरा. त्याचे १.१६ ग्रॅम म्हणजे सोडियम क्षाराचा १ ग्रॅम.

प्रश्न : फ्रान्झ सेलचे (पडद्यातून औषध किती झिरपते ते मोजणारे उपकरण) आकडे मे महिन्यात फार वर येतात. (जळगाव)

उत्तर : साधा वॉटर बाथ पाणी तापवतो, गार करत नाही. खोलीत ४२ अंश असताना ३२ वर (त्वचेच्या तापमानावर) लावलेला सेल ३२ वर राहणारच नाही, आणि तापमान वाढले की औषध लवकर झिरपते. थंड करणारे सर्क्युलेटर नसेल तर प्रयोग पहाटे लावा, सेलमध्ये थर्मामीटर घालून दर तासाला नोंद ठेवा. पडद्याखाली बुडबुडा अडकला तर आकडे उलट खाली येतात. म्हणून बफर (पडद्याखालचे ठरावीक पीएचचे द्रावण) आधी उकळून गार केलेला वापरा.