पानंच पानं, बीट कुठाय?

प्रश्न : गेल्या दिवाळीनंतर गॅलरीतल्या १२ इंची कुंडीत बीटाच्या ५ बिया लावल्या. रोपं मात्र पंधरा-सोळा उगवली! सगळी ठेवली, दर आठवड्याला मूठभर शेणखतही दिलं. पानं हातभर वाढली आणि उपटल्यावर खाली करंगळीएवढं मूळ. काय चुकलं असेल?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : पाचाची पंधरा झाली ते बरोबरच झालं. बीटाचं खडबडीत बी म्हणून आपण जे हातात घेतो, तो खरं तर दोन-चार बियांचा एकत्र वाळलेला गोळा असतो. म्हणून एकाच जागी कोंबांचा झुबका येतो. त्यातला जोमदार एकच ठेवायचा असतो.

हे कापणं जिवावर येतं, मला ठाऊक आहे. नाशिकला माझ्या गच्चीवर पहिल्या हिवाळ्यात एका क्रेटमध्ये मी चाळीस रोपं तशीच राखली. आपण पेरलेलं, आपल्यासमोर उगवलेलं; त्याला कात्री लावायला हात धजेना. फेब्रुवारीत एका कोशिंबिरीपुरतंही बीट निघालं नाही. जमिनीखाली फुगायला जागाच नव्हती त्यांना.

तेव्हा रोपं बोटभर उंच झाली की विरळणी कराच. उपटू नका, शेजारच्या रोपाची मुळं हलतात. कात्रीने मातीलगत कापा. दोन रोपांत चार बोटं, म्हणजे ८ ते १० सेंमी अंतर हवं. तुमच्या कुंडीत चार-पाचच रोपं राहू द्या. कापलेली कोवळी पानं टाकू नका. बीट पालकाच्याच कुळातलं. ती पानं थालीपिठात फार छान लागतात.

दुसरी चूक खताची. शेणखत वारंवार दिलं की नत्र वाढतं आणि सगळा जोर पानांत जातो. कुंडी भरतानाच तीन भाग मातीला एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत मिसळा, पुढे देऊ नका. विरळणीनंतर चमचाभर लाकडाची राख मातीत कालवली की कंदाला पालाश मिळतं. गॅलरीत ऊन किती येतं ते तुम्ही लिहिलं नाही. पाच-सहा तास थेट ऊन नसेल तर कुंडीची जागा आधी बदला, बाकीचं नंतर.

यंदा ऑक्टोबर संपता संपता पेरा. बी रात्रभर भिजवून अर्धा इंच खोल टोचा. माती कधी कोरडी ठणठणीत, कधी चिखल असं होऊ देऊ नका, कंद तडकतात. साधारण ६० ते ७० दिवसांत बीटाचे खांदे मातीवर दिसू लागतील. मोठ्या लिंबाएवढं झालं की काढायला लागा, मोसंबीएवढं होईस्तोवर संपवा. मार्चच्या उन्हात राहिलेलं बीट चिवट होतं, आत पांढरी वर्तुळंही उठून दिसतात.