ब्रिजच्या बोलीत उजवीकडच्याने १ इस्पिक (इस्पिक हुकूम धरून सहा अधिक एक, म्हणजे सात हात करण्याची बोली) म्हटलं. अकरा पॉइंट (एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १) आणि पाच किलवरांवर २ किलवर ओव्हरकॉल (समोरच्यांच्या बोलीवर आपली बोली) करावा का?

मी पास म्हणेन. तुम्ही दिलेली पानं अशी: इस्पिक राणी-७-४, बदाम राजा-गुलाम-३, चौकट राणी-५, किलवर राजा-८-६-४-२. तुम्ही व्हल्नरेबल (म्हणजे हात कमी पडल्यास दंड जास्त) आणि स्कोअरिंग आयएमपीवर (दोन टेबलांच्या गुणांतला फरक मोजणारी पद्धत).

अकरा पॉइंट ऐकायला बरे वाटतात, पण दोनच्या पातळीवर शिरताना पॉइंटांआधी हात मोजावेत. भिडू रिकामा आहे असं धरा. किलवर हुकूम करून तुमचे चार हात जमले तरी खूप. लागतात आठ. म्हणजे डबल झाल्यावर (समोरच्यांनी दंड वाढवल्यावर) चार डाउन (चार हात कमी), ११००चा दंड. भिडूकडे सहा-सात पॉइंट असले आणि किलवरात जेमतेम दोन पानं असली तर दोन डाउन, ५००. आणि हे बहुतेक अशा बोर्डावर (डावावर), जिथे समोरच्यांना ११० किंवा १४०च मिळणार होते.

आता ही पानं बघा: इस्पिक ४, बदाम एक्का-८-३, चौकट ९-७-५, किलवर राजा-राणी-गुलाम-१०-९-४. पॉइंट दहाच, पण एक्का गेल्यावर किलवरचे पाच आणि बदामचा एक्का, असे सहा हात स्वतःचे. भिडू अगदी रिकामा निघाला तर डबलमध्ये ५०० जातील खरे, पण तेव्हा समोर तीस पॉइंट आहेत आणि त्यांचा गेम (मोठ्या बोनसची बोली) बुडालेला आहे. इथे २ किलवर म्हणायला मी क्षणभरही थांबणार नाही.

फरक रंगाच्या भरीवपणाचा. तुमच्या पहिल्या पानांत इस्पिकची राणी आणि चौकटची दोन पानांतली राणी मिळून चार पॉइंट आहेत. बचावात त्यांचं काहीतरी होईल, खेळताना फारसं नाही. उतारीचाही (डावातल्या पहिल्या पानाचाही) विचार करा: समोरचे तीन नो ट्रम्पला (हुकूम नसलेल्या बोलीला) गेले आणि भिडूने स्वतःचा चांगला रंग सोडून तुम्ही सांगितलेली किलवर उतरवली, तर राजा-८-६-४-२ वर तुम्हाला आनंद होईल का?

'डबल कोण देणार?' असं बरेच जण म्हणतात. डावीकडचा लगेच देणार नाही, कारण बहुतेक जोड्यांत त्याचं डबल निगेटिव्ह असतं, म्हणजे दंडासाठी नाही, तर न बोललेले रंग दाखवण्यासाठी. तो लांब किलवर घेऊन गप्प पास करतो, ओपनर (पहिली बोली करणारा) टेकआउट डबल (भिडूला बोलायला सांगणारं डबल) देतो आणि डावीकडचा पुन्हा पास, म्हणजे डबल कायम. तेव्हा पहिला पास ऐकून सुटलो असं समजू नका.

शिवाय १ इस्पिकवर २ किलवर म्हणून त्यांची जागा किती खाल्ली? फक्त १ नो ट्रम्प. हेच १ चौकटवर म्हटलं तर १ बदाम, १ इस्पिक आणि १ नो ट्रम्प तिन्ही जातात, म्हणून तिथे थोडी हलकी पानंही चालतात. १ किलवरवर १ इस्पिक तर याहून स्वस्त, एकच पातळी आणि खालच्या दोन रंगांची जागा बंद.

पास म्हणजे बोली संपली असं नव्हे. डावीकडच्याने पास केला तर भिडू शेवटच्या जागेवरून साधारण एक राजा कमी असतानाही बोलू शकतो. आणि १ इस्पिक-पास-२ इस्पिक-पास-पास असं परत आलं, तर त्यांची निदान आठ इस्पिकं आणि तुमची तीन धरून भिडूकडे जास्तीत जास्त दोन उरतात. उरलेली अकरा पानं बाकीच्या तीन रंगांत, म्हणजे कुठेतरी जुळणी असण्याची शक्यता बरीच वाढली.

सर्वांत धोकादायक जागा समोरचे दोघंही बोलल्यानंतरची. १ चौकट-पास-१ इस्पिक झालं की ओपनरचे बारा, दुसऱ्याचे सहा, तुमचे अकरा. भिडूला जास्तीत जास्त अकरा, आणि बहुधा त्याहून बरेच कमी. तिथे कच्च्या रंगावर बोललात तर डिक्लेररला (बोली जिंकून डाव खेळणाऱ्याला) तुमची पानं फुकटात कळतात.

मॅचपॉइंटला (त्याच डावावर किती जोड्यांना मागे टाकलं ते मोजणाऱ्या पद्धतीत) ओव्हरकॉल थोडे सैल करतात, पण व्हल्नरेबल असताना डबल न होताही दोन डाउन म्हणजे २००, आणि ते त्यांच्या बहुतेक पार्टस्कोअरपेक्षा (गेमहून खालच्या बोलीच्या गुणांपेक्षा) जास्त. हेच किलवर राजा-गुलाम-१०-९-८ असे असते, चौकटची राणी बदामात असती आणि तुम्ही नॉन-व्हल्नरेबल असता, तर मीही २ किलवर म्हटलं असतं.