पाहू तरी काय आहे

चि. भाच्यास अनेक आशीर्वाद.

पोकरला बसताना दोन पेग घेतले की भीड चेपते, हात मोकळा होतो आणि ब्लफ, म्हणजे हलक्या पत्त्यांवर मोठी रक्कम लावून मारलेल्या थापा, जमतात, असं तू लिहिलंयस. जमलेले ब्लफ तुझ्या लक्षात राहिले. पण त्या रात्री नको तिथे कॉल किती केलेस, म्हणजे समोरच्याने लावलेली रक्कम भरून डावात किती वेळा राहिलास, ते मोजलंस का? मीही कधी मोजले नव्हते, म्हणून हे लिहायला बसलो.

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. पणजीला मांडवी नदीतली एक कॅसिनोची बोट, रात्रीचे साडेबारा. माझा तिसरा लार्ज चालू होता. हातात बदाम एक्का आणि किलवर दश्शी. फ्लॉपवर, म्हणजे टेबलावर सगळ्यांसाठी उघडलेल्या पहिल्या तीन पत्त्यांत, एक्का, नव्वी, चौकी आले. मग चौथा पत्ता (टर्न) दुर्री, शेवटचा (रिव्हर) राजा. समोर कोल्हापूरकडचे एक काका बसलेले. चार तासांत त्यांनी चहाशिवाय काही मागवलं नव्हतं आणि खेळलेले डाव बोटांवर मोजण्याइतके. पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, 16,000 होते. रिव्हर पडल्यावर काकांनी चष्मा पुसला आणि 14,000 पुढे सरकवले.

हिशोब सोपा होता. 14,000 घालून 30,000 उचलायचे, म्हणजे अशा तीन डावांतला साधारण एक तरी मला लागायला हवा. हे काका तीनात एकदा थापा मारतात का? चार तासांत एकदाही मारली नव्हती. पाच सेकंदांचं काम. पण त्या वेळी मला काका दिसतच नव्हते. फक्त माझा एक्का दिसत होता, ताटाएवढा. ‘पाहू तरी काय आहे’ म्हणत मी चिप्स टाकल्या. काकांनी दोन नव्व्या उलटवल्या. टेबलावरची धरून तीन.

तेव्हापासून हे ‘पाहू तरी’ माझ्या तोंडून निघालं की मी पेला खाली ठेवतो. दारूने माणूस धीट होतो असं सगळे म्हणतात. टेबलावर मला त्याहून वेगळं दिसलं: त्याला पत्ते टाकवत नाहीत. होल्डेममध्ये, म्हणजे हातात दोन आणि टेबलावर पाच पत्त्यांच्या या पोकरमध्ये, नऊ-दहा जणांच्या टेबलावर शहाणा खेळाडू दहातले सात-आठ हात बघून टाकून देतो. हे टाकणं म्हणजे मेंदूचा ब्रेक, आणि दारू आधी ब्रेकच सैल करते. मग जे डोळ्यासमोर आहे तेवढंच मोठं दिसतं. समोरचा तासाभरापूर्वी कसा खेळला, ही मागची गोष्ट पुसट होते.

आकडेमोडीचंही तसंच. समज, टर्नपर्यंत हातातले आणि टेबलावरचे मिळून तुझे बदामाचे चार पत्ते जमलेत; पाचवा आला की फ्लश. उरलेल्या 46 पत्त्यांत 9 बदाम, म्हणजे पाचात एकदाही पुरतं नाही. पॉट 10,000चा आणि समोरच्याने 5,000 लावले, तर फ्लश लागल्यावर पुढे आणखी मोठं काही मिळणार नसेल तेव्हा चारात एकदा लागलं तरच बरोबरी होते. पत्ते टाकायचे. दोन लार्ज झाल्यावर ‘नऊ बदाम आहेत’ एवढं आठवतं, भागाकार राहतो. गंमत अशी की आपण हिशोब केला असंच वाटत राहतं.

आणि ‘जेवलो की उतरते’, ‘कॉफी घेतो’ हे सोडून दे. कॉफीने झोप उडते, दारू नाही. आपली 42.8 टक्क्यांची व्हिस्की 30 मिली घेतली की पोटात साधारण दहा ग्रॅम मद्यार्क जातो, आणि तेवढा निकाली काढायला यकृताला तासभर तरी लागतो. साठचे तीन पेग नऊ ते बारात झाले, तर पहाटे तीनलाही त्यातलं थोडं रक्तात उरलेलं असू शकतं. मोठे पॉट नेमके त्याच वेळी होतात, कारण हरलेले वसुलीला बसलेले असतात.

बोटीवर पेला रिकामा राहत नाही, यात आदरातिथ्य किती आणि धंदा किती, तूच ठरव. बोटवाल्यांना पॉटमधून रेक, म्हणजे त्यांचा वाटा, मिळतो. जितके जण डावात उतरतील तितकं त्यांचं भलं.

आता तुझा प्रश्न: समोरचा प्यायलेला असेल तर? ब्लफ अजिबात करू नकोस, तो ‘पाहू तरी’वाला आहे. चांगला हात येईपर्यंत थांब, आला की पुरेपूर लाव. त्याच्या बडबडीवर चिडलास तर न पिताही तू त्याच्याच पंगतीला. आणि काही जण लिंबू-सोडा पीत झिंगल्याचं सोंग करतात, हे ध्यानात असू दे. दिवाळीत घरी तीन पत्ती बसते तिथे मात्र हे डोकं वापरायचं नाही. प्यायलेल्या चुलतभावाला उधारीवर चिप्स देणं मला कधीच पटलं नाही. सकाळी त्याची बायको समोर येते तेव्हा बघवत नाही.

2025च्या कायद्याने पैशांचा ऑनलाइन खेळ बंद झाला म्हणून तू मांडवीकडे वळलास, हे कळलं. घरी मोबाइलवर खेळताना तुझ्या उशाला पेला नसायचा. इथे तो आपसूक येतो, एवढा फरक धर.

पुढच्या वेळी पणजीला जाशील तेव्हा छोटी वही ने. हरलेले मोठे डाव लिही, शेजारी वेळ टाक आणि तेव्हा कितवा पेला होता तेही. खोटं लिहायचं नाही. वही मला दाखव, ताईला नको. तिला अजून तू कोकणात ट्रेकला जातोस असंच वाटतंय.

तुझा,
मामा