छोट्या वर्कशॉपमध्ये एआय आणलं तर अकाउंटचा माणूस कमी करता येईल का?

तुमचं बारा माणसांचं मशिनिंगचं वर्कशॉप आहे. कोणतं एआय टूल घ्यावं, आणि ते घेतल्यावर स्टोअर-अकाउंट बघणारा माणूस कमी करता येईल का, असे दोन प्रश्न तुम्ही विचारलेत. पहिल्याचं उत्तर खाली जमेल तेवढं देते. दुसऱ्याचं उत्तर 'नाही', आणि हे मी अधिकाराने सांगते, कारण आमच्या कारखान्यात तो माणूस मी आहे.

आमचं काम कोल्हापूरकडचं नेहमीचं. शिरोलीच्या फाउंड्रीतून (ओतकामाच्या कारखान्यातून) कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, चलनावर, म्हणजे मालासोबतच्या कागदावर येतं, आमच्याकडे टर्निंग, बोअरिंग, ड्रिलिंग होतं आणि माल पुढे जातो. माल पार्टीचा, म्हणजे काम देणाऱ्या कंपनीचा, आपले फक्त लेबर चार्जेस. त्यामुळे सगळा जीव नगांच्या हिशेबात. किती आले, किती गेले, किती रिजेक्ट झाले, आणि ते रिजेक्शन कुणाच्या खात्यावर. हा शेवटचा मुद्दा सेल्समनला कधीच माहीत नसतो. बोअर (आतलं भोक) ओव्हरसाइज झाला तर चूक आपली, पार्टी कास्टिंगची किंमत आपल्याकडून कापून घेते. पण टूल आत गेल्यावर ब्लो होल (ओतताना आत राहिलेली पोकळी) उघडा पडला, वाळू निघाली, हार्ड स्पॉट (जादा कडक जागा) लागून इन्सर्ट (टूलचं पातं) तुटला, तर ते कास्टिंग रिजेक्शन. ते फाउंड्रीने सोसायचं.

माझे धाकटे दीर एका प्रदर्शनातून एक ॲप घेऊन आले. चलनाचा मोबाइलवर फोटो काढायचा, एआय ते वाचणार, इनवर्ड (आलेल्या मालाची नोंद) आपोआप पडणार, महिनाअखेरीस स्टेटमेंट तयार. भाऊजी मला सगळ्यांसमोर म्हणाले, "वहिनी, आता तुम्ही घरी आराम करा." मी सासऱ्यांच्या वेळेपासून ते टेबल सांभाळते. आराम मी मागितला नव्हता.

डेमोत सेल्समनने त्याच्याकडचं छापील, स्वच्छ बिल दाखवलं. आमच्याकडे येतं ते कार्बनची तिसरी कॉपी, तेलाचे हात लागलेली, त्यावर ड्रायव्हरने पेनने नग खोडून नवा आकडा घातलेला. तरी ॲपला मी वाचनासाठी दोष देत नाही, आकडे ते बरेच बरोबर वाचायचं. खरा घोळ नावांचा झाला. एकच बेअरिंग कॅप पार्टीच्या ऑर्डरमध्ये लांबलचक पार्ट नंबरने असते, फाउंड्रीच्या चलनावर पॅटर्न (साच्याच्या) नंबरने, आणि आमची पोरं तिला 'मोठी टोपी' म्हणतात. ॲपने एका कॅपचे तीन आयटम केले. एका आयटमचा स्टॉक वाढत चालला, दुसरा शून्याखाली गेला. रिजेक्शनला तर एकच रकाना होता. कारण लिहायला जागाच नाही.

महिन्याच्या शेवटी पार्टीची डेबिट नोट, म्हणजे पैसे कापल्याचा कागद आला. सगळं रिजेक्शन मशिनिंगचं धरून, सगळ्या कास्टिंगची किंमत कापलेली. ॲपचं स्टेटमेंट त्यांच्या आकड्याशी तंतोतंत जुळत होतं, कारण दोन्हीकडे कारणाचा पत्ताच नव्हता. भाऊजी म्हणाले, कॉम्प्युटरशी जुळतंय म्हणजे बरोबरच असणार. मी माझी वही काढली. ॲप आल्यावरही मी ती बंद केली नव्हती. प्रत्येक रिजेक्ट नगापुढे हीट नंबर (फाउंड्रीच्या कुठल्या ओतातला नग ते), मशीन, आणि कारण: निळ्या शाईत आपलं, लाल शाईत फाउंड्रीचं. वही घेऊन मी स्वतः पार्टीच्या क्वालिटीवाल्यांसमोर बसले. नग स्टोअरला बाजूला ठेवलेलेच होते, ते त्यांना फोडून दाखवले. बहुतेक रक्कम परत मिळाली.

त्यानंतर ऑटोमेशन खरं झालं, आणि ते मी केलं. आधी एक साधी एक्सेल शीट: पार्टीचं नाव, फाउंड्रीचं नाव, आपलं नाव, एका ओळीत. ही शीट कुठलाही सेल्समन बनवून देणार नाही, कारण ती माणसाच्या डोक्यात असते. तुमच्याकडे ती ज्याच्या डोक्यात आहे, त्यालाच कमी करायचं तुम्ही विचारताय. मग रिजेक्शनसाठी गुगल फॉर्म: पार्ट निवडा, कारण निवडा, हीट नंबर दिसेल असा फोटो टाका. ऑपरेटर मशीनपाशी उभा राहून भरतो. आता वही मी लिहीत नाही.

टूलचं म्हणाल तर वेगळं महागडं काही घेऊ नका. पार्टीची पीडीएफ ऑर्डर चॅटजीपीटी किंवा जेमिनायला द्या आणि आयटम, नग, रेट, डिलिव्हरी तारीख यांचा तक्ता मागा, मग तुमच्या नावांच्या शीटशी जुळवा. टॅलीप्राइममध्ये एक्सेलमधून एन्ट्री आत घेता येतात, पुन्हा टाइप करायची गरज नाही. दर महिन्याच्या १४ तारखेला येणारा जीएसटीआर-२बी (पुरवठादारांनी भरलेल्या बिलांचा जीएसटी पोर्टलवरचा तक्ता) आपल्या खरेदीशी ताडायला एआय लागतच नाही, एक्सेलचा एक फॉर्म्युला पुरतो.

माझ्या मते एआयचा सगळ्यात मोठा फायदा वसुलीच्या पत्रांना. पुण्या-मुंबईच्या पर्चेस खात्याला इंग्रजीत ठणकावून लिहायला आपल्या माणसांना संकोच वाटतो. छोट्या उद्योगांसाठीच्या एमएसएमईडी कायदा, २००६ चं कलम १५ सांगतं की लेखी करार असला तरी ४५ दिवसांपलीकडे पैसे अडवता येत नाहीत, आणि करार नसेल तर १५ दिवस. कलम १६ प्रमाणे त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करून घ्या, ही दोन कलमं एआयला द्या आणि पत्र लिहून घ्या. पत्र सभ्य येतं आणि पैसेही येतात.

पण कलमं तुम्ही द्या, त्याला विचारू नका. कायद्याचं आणि तारखांचं ते चुकीचंही ठामपणे सांगतं, ते सीएकडून तपासून घ्या. पार्टीचं ड्रॉइंग फुकटच्या टूलमध्ये कधीही टाकू नका. गुप्ततेचा करार केला असेल तर काम जाईल. आणि कुठलंही ॲप घ्याल तर आपला सगळा डेटा एक्सेलमध्ये बाहेर काढता येतो का, हे पैसे देण्याआधी करून बघा.

तुमचं काम आमच्यासारखं जॉबवर्कचं (पार्टीच्या मालावर मजुरीने करायचं) नसून छापील बिलांवरच्या खरेदी-विक्रीचं असेल, तर नुसती एन्ट्री मारणारा माणूस कदाचित मोकळा होईलही. तरी त्याला काढू नका, वसुलीवर बसवा. भाऊजी आजही पाहुण्यांना सांगतात की कारखान्यात एआय त्यांनी आणलं. ॲप त्यांनी आणलं होतं, ते वर्षाच्या आत बंद झालं.

आणि डेमो घ्याल तेव्हा मागच्या आठवड्यातली तुमची सगळ्यात मळकी चलनं सेल्समनच्या हातात द्या, आणि तुमच्या त्या अकाउंटच्या माणसाला समोर बसवून प्रश्न विचारू द्या. आमच्या डेमोच्या वेळी मला चहा सांगायला बाहेर पाठवलं होतं.