वणव्यानं होरपळलेली बाग लगेच तोडू नका – पुरंदरच्या डोंगरपट्ट्यातल्या शेतकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरं

रामराम मंडळी. गेल्या आठ दिवसांत फोन आणि व्हॉट्सॲपवर इतके मेसेज आलेत की एकेकाला उत्तर द्यायला बसलो तर निम्मे राहून जातील, म्हणून सगळ्यांना एकदमच लिहितोय. ३१ ऑक्टोबर २०२३ ला सरकारनं जे ४० तालुके दुष्काळी जाहीर केले त्यात आपला पुरंदर आहेच, कऱ्हा नदी कोरडी, विहिरींनी तळ गाठलाय, बागा टँकरवर जगवतोय आपण, आणि आता एप्रिलच्या तोंडावर हा वणवा. परवा एका अंजिराच्या बागेत गेलो होतो. मीठा बहार, म्हणजे उन्हाळी फळ, तोडणीला आलेला, फळं झाडावरच भाजून काळी पडलेली, ठिबकच्या नळ्या वितळून मातीला चिकटलेल्या, आणि मालक बांधावर कुऱ्हाड शेजारी ठेवून बसलेले. म्हणाले साहेब, आता ठेवून काय करू, सरपण तरी होईल. त्यांना जे सांगितलं तेच आधी सगळ्यांना सांगतो, कुऱ्हाड बाजूला ठेवा.

सगळ्यात जास्त जणांनी हेच विचारलंय, बाग जळाली, तोडून पावसाळ्यात नवीन लावू का? उत्तर असं की वरून काळं दिसतंय म्हणजे झाड मेलंच असं नाही. गवताची आग झपाट्यानं पुढं जाते, पानं आणि बारीक काड्या खाऊन जाते, पण खोडाच्या सालीखालचा जिवंत थर बऱ्याच वेळा वाचतो. तो बघायची पद्धत सोपी आहे. धारदार चाकूनं खोडावर जमिनीपासून वीतभर उंचीवर सालीची एक छोटी खिडकी खरवडा, बोटाच्या पेराएवढी पुरे. आत हिरवट पांढरं आणि ओलसर लागलं तर तो भाग जिवंत, तपकिरी आणि कोरडं किंवा कुजका वास येणारं निघालं तर मेलेला. असं चारी बाजूंनी बघायचं, एकाच बाजूला बघून निर्णय घेऊ नका, कारण उताराच्या रानात खोडाच्या वरच्या अंगाला पालापाचोळा साठलेला असतो आणि तिथंच आग जास्त वेळ रेंगाळते. चार बाजूंपैकी दोन बाजू जरी हिरव्या निघाल्या तरी झाड ठेवा. चारी बाजूंनी रिंगणासारखं मेलेलं असेल तर वरचा भाग जाणार, पण तिथंही घाई नको कारण बुडातून फुटवा येऊ शकतो.

अंजिराला तर चाकूसुद्धा लागत नाही. फांदीला नखानं टोचा, दुधासारखा चीक आला की फांदी जिवंत. त्या बागेत मालकांच्या समोरच टोचत गेलो, शेंड्याकडून काही नाही, काही नाही, आणि हातभर खाली आल्यावर पांढरा थेंब आला. मग ते स्वतःच एकेका झाडाला टोचत फिरले, आणि जिथं चीक आला तिथं सुतळी बांधून ठेवली. सुतळीची ही आयडिया त्यांची, चांगली आहे, तुम्हीपण करा, नंतर छाटणीला कुठपर्यंत कापायचं ते कळतं.

पानांवरूनही अंदाज येतो. होरपळलेली पानं आठ दहा दिवसांत आपोआप गळून पडली तर फांदी जिवंत आहे, कारण पान गाळायला पण झाडात जीव लागतो. वाळून तशीच चिकटून राहिली तर ती फांदी बहुतेक गेलेली. पण सीताफळवाल्यांनी ही खूण धरू नका, सीताफळ या दिवसांत असंही पानं गाळून बसलेलं असतं, तिथं चाकूच वापरा. डाळिंबाला बुडातून भरपूर फुटवे येतात, त्यातले तीन चार जोमदार ठेवून बाकीचे काढले की झाड पुन्हा उभं राहतं. आंब्याचं कलम असेल तर फुटवा कलमाच्या जोडाच्या वर आलाय का खाली ते नीट बघा, खालून आलेला फुटवा रायवळ खुंटाचा असतो, तो वाढवून पाच वर्षांनी हापूस मिळणार नाही. जोडाच्या वर सगळं मेलं असेल तर त्या खालच्या फुटव्यावरच नवीन कलम बांधता येतं, मुळं आयती तयार आहेत.

तर छाटणी कधी? एक दोन पाऊस होऊन नवी फूट दिसेपर्यंत थांबा. तोपर्यंत फक्त मोडून लोंबकळणाऱ्या फांद्या काढा. खोडाला बोर्डो पेस्ट लावा, १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना आणि १० लिटर पाणी, मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बादल्यांत भिजवायचे आणि मग एकत्र करायचे. तयार झाल्यावर लोखंडी खिळा किंवा विळा बुडवून बघा, तांबूस थर चढला तर अजून थोडा चुना घाला. साल सोलून काढू नका, सुटलेली तेवढीच काढा. वर फांद्यांना साधा चुना मारला तरी चालेल, कारण सावली देणारी पानं गेलीत आणि आता एप्रिल मेचं ऊन थेट सालीवर बसणार, आगीतनं वाचलेलं झाड उन्हानं तडकतं. आणि पंधरा दिवसांनी खोडाजवळ लाकडाचा भुसा पडलेला दिसला तर लगेच कळवा, आजारी झाडावर खोडकिडा आधी येतो.

पाण्याचं काय, हा प्रश्न टँकरवाल्या सगळ्यांचा. इथं एक दिलासा आहे. पानं नसलेलं झाड पाणी कमी ओढतं, त्यामुळं जळालेल्या ओळींना नेहमीइतकं पाणी द्यायची गरजच नाही, एक तृतीयांश पुरे, आणि तेही संध्याकाळी किंवा पहाटे. काळजीपोटी लोक जळालेल्या झाडाला टँकर ओततात आणि मुळं कुजवतात, वाचलेलं पाणी हिरव्या ओळींना द्या. युरिया किंवा कुठलंच रासायनिक खत आत्ता टाकू नका, नवी फूट आल्यावर बघू. नळीचा वितळलेला तुकडा कापून जॉइनर टाका, पण पाणी सोडायच्या आधी शेवटची टोकं उघडून पूर्ण फ्लश करा, नाहीतर राख आत जाऊन सगळे ड्रिपर बसतील.

आच्छादनावरून दोघांनी विचारलंय की तुम्हीच सांगता वाळलेलं गवत अंथरा आणि त्यानंच आग आत आली. बरोबर आहे तुमचं. दुष्काळात आच्छादनाशिवाय ओल टिकत नाही हे खरं, पण ज्यांची बाग डोंगराला किंवा गायरानाला लागून आहे त्यांनी कडेच्या तीन ओळींत काडीकचऱ्याचं आच्छादन ठेवू नका, तिथं नुसती वरवर कुळवणी करून भुसभुशीत माती ठेवा, आणि आतल्या ओळींत खोडापासून हातभर जागा मोकळी सोडून अंथरा, वर दोन बोटं माती टाका. हे मी आधीच सांगायला हवं होतं.

आता गवताचं. "डोंगर जाळला की पावसात गवत चांगलं येतं, आमच्या आज्यापासून जाळतोय" असं एका मामांनी लिहिलंय. मामा, राग मानू नका पण हे नीट वाचा. राखेत पालाश आणि चुना असतो म्हणून पहिल्या पावसात कोंब हिरवेगार दिसतात, पण नत्र जळून हवेत गेलेलं असतं आणि ती राखसुद्धा उतारावर टिकत नाही, पहिल्या वळवात ओढ्याला जाते, सोबत वरची माती घेऊन. आणि दरवर्षी जाळून माळावर शिल्लक काय राहतं ते मेंढपाळांना विचारा, कुसळी. त्या कुसळाच्या गवताला आग मानवते, पवना आणि मारवेल ही चाऱ्याची चांगली गवतं हळूहळू मागं पडतात. चारा वाढवायचाय म्हणून काडी लावायची आणि मेंढ्यांच्या तोंडात कुसळं जायची, यात कुणाचा फायदा? आपल्याकडचा वणवा आकाशातनं पडत नाही, जवळपास प्रत्येक वेळी माणसाच्या हातनंच लागतो, कधी बांध जाळताना, कधी विडीचं थोटूक, कधी पार्टी करून पेटती सोडलेली चूल. यंदा तर ओल नावालाही नाही, लावलेली आग बांधावर थांबत नाही. राखीव वनात आग लावली तर भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा आहे, पण गुन्ह्यापेक्षा मला शेजाऱ्याची बाग दिसते. यंदा बांधसुद्धा जाळू नका, पाचटसुद्धा नको.

जाळपट्टा, म्हणजे आग अडवायला आधीच जाळून मोकळी केलेली पट्टी, काढू का असं विचारणाऱ्यांना, आता नाही. तो दिवाळीनंतर गवत अर्धवट हिरवं असताना काढायचा असतो, एप्रिलमध्ये जाळपट्टा काढायला गेलात तर तोच वणवा होईल. आत्ता नांगराची नाहीतर रोटरची पंधरा फुटांची पट्टी बागेभोवती मारा, उतारावर ट्रॅक्टर जात नसेल तर गवत कापून फावड्यानं मातीपर्यंत खरवडा. कापलेलं गवत तिथंच सोडू नका, जनावरांना आणा.

चारा जळालेल्या ताईंचा प्रश्न, कडब्याची गंजी गेली, चार जनावरं आहेत, काय घालू. ज्वारीचा खोडवा, पाण्यावाचून खुरटलेला कोवळा, तो तोडून घालू नका, किराळ, म्हणजे कोवळ्या ज्वारीतलं विष, लागून तासाभरात जनावर जातं. उसाचं वाढं मिळतंय ते घाला पण नुसत्या वाढ्यावर ठेवू नका, खनिज मिश्रण द्या. गव्हाचा भुसा किंवा वाळलेलं गवत मिळालं तर १०० किलोला ४ किलो युरिया ६५ लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथरानं शिंपडा, दाबून हवाबंद झाका, २१ दिवसांनी उघडून थोडा वेळ हवेला ठेवून मग घाला. सहा महिन्यांखालच्या वासरांना हे नको आणि युरियाचं पाणी जनावरांच्या तोंडाशी येईल असं कधीच ठेवू नका, विष आहे ते. पुढच्या वर्षी एक मोठी गंजी न करता दोन लहान करा, एकमेकांपासून लांब, घरापासून लांब आणि विजेच्या तारांखाली तर नकोच.

जनावर भाजलं असेल तर साधं गार पाणी हळूहळू ओता, ऑइल, शेण काही लावू नका, १९६२ या जनावरांच्या डॉक्टरांच्या हेल्पलाइनला फोन करा. पेटलेल्या रानातनं पळून आलेलं जनावर पहिल्या दिवशी बरं दिसतं आणि तिसऱ्या दिवशी लंगडतं, खूर आतून भाजलेला असतो, म्हणून खूर आणि कास रोज बघा. जनावर दगावलं तर पंचनामा आणि शवविच्छेदन झाल्याशिवाय पुरू नका, मदत मिळायला तो कागद लागतो. केंद्राच्या २०२२ ते २६ च्या आपत्ती मदतीच्या निकषात दुभत्या गाई म्हशीला ३७,५०० रुपये आणि शेळी मेंढीला ४,००० रुपये धरले होते.

बागेच्या मदतीबद्दल थोडक्यात. आग हा त्या निकषांत धरलेला आपत्तीचा प्रकार आहे, ३३ टक्के किंवा जास्त नुकसान असेल तर बहुवार्षिक पिकाला हेक्टरी २२,५०० रुपये, २ हेक्टरपर्यंत, असं त्यात धरलं होतं. राज्य सरकार कधी कधी जीआर काढून वाढवून देतं, चालू जीआर तहसीलला विचारून घ्या. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक तिघांनी मिळून पंचनामा करायचा असतो, त्याआधी बाग साफ करू नका, फोटो काढा, पोलिसात खबर द्या आणि तहसीलदारांच्या नावे अर्ज देऊन पोच घ्या. सातबारावर फळबागेची नोंद नसेल तर अडचण येते, ई-पीक पाहणी केली नाही म्हणून हात चोळत बसलेले लोक मी बघितलेत. विम्याचं मात्र खोटं आश्वासन देत नाही. पीक विम्यात २०२४ पर्यंत वैयक्तिक नुकसानीत वीज पडून लागलेली नैसर्गिक आग बसायची, माणसानं लावलेली तेव्हाही नाही, आणि फळपीक विमा हवामानाच्या आकड्यांवर चालतो.

शेवटचं, आग दिसली तर. वनविभागाला १९२६ ला फोन, गावात भोंग्यावरून सांगा. आग चढावर पळते, म्हणून तिच्या वरच्या अंगाला कधीच उभं राहू नका. सुती कपडे, पायात बूट, एकटं जायचं नाही. पाणी नसताना पण आग विझते, निर्गुडी करंजाच्या ओल्या टहाळ्यांनी कडेकडेनं झोडपत यायचं, समोरून भिडायचं नाही, माती टाकायची. एका पिंपभर पाण्यात दहा पंधरा पोती भिजतात, ती टहाळ्यांपेक्षा भारी काम करतात. वारा फिरला आणि अडकलात तर जळून काळं झालेल्या रानात शिरा, तिथं जळायला काही उरलेलं नसतं. आणि विझली म्हणून लगेच घरी जाऊ नका, उकिरडा आणि वाळकी बुंधं आतून दोन दोन दिवस धुमसतात, दुपारचा वारा सुटला की पुन्हा पेट घेतात. आपल्या मंडळातल्या एका वस्तीवर दुसऱ्या दिवशी गोठा गेला तो असाच, रात्री सगळे दमून झोपले होते, दोन पोरं पाळीनं जागी राहिली असती तर वाचला असता.

येत्या सोमवारी सकाळी ७ ला मी त्या अंजिराच्या बागेपासून सुरू करून वरच्या वस्तीपर्यंत येतोय, साल कशी खरवडायची, कुठं सुतळी बांधायची ते झाडापाशी दाखवतो. येताना धारदार चाकू, सुतळी आणि सातबारा घेऊन या, पंचनाम्याचे अर्ज तिथंच भरून घेऊ.